गिटारची शिकवणी सुरू करताय? कॉर्डची घाई नको

‘तुम्हाला गिटार येते ना, मग आमच्या चिरंजीवांना शिकवा की! आठवड्यातून दोनदा, तेवढीच तुमचीही करमणूक.’ सोसायटीच्या लिफ्टमध्ये असं कुणीतरी म्हणतं आणि कॉलेजच्या गॅदरिंगपुरती गिटार वाजवलेला माणूस भिडेपोटी हो म्हणून बसतो. चार तासांनंतर मूल पोटदुखीचं कारण सांगू लागतं, आई-वडील ‘गाणं कधी वाजवणार?’ असं विचारू लागतात आणि आपलं कुठं चुकलं ते मास्तरला कळत नाही. कोणत्या वयापासून शिकवावं, गिटार केवढी घ्यायला सांगावी, पहिल्या दिवशी काय करावं, मध्येच सोडलं तर फीचं काय, हे प्रश्न वाचक फिरून फिरून विचारतात. ज्यांना स्वतःला बऱ्यापैकी वाजवता येतं, पण सहा ते बारा वयाच्या मुलांना कधी शिकवलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

माझं स्पष्ट मत आधीच सांगून टाकतो. मोठ्यांना शिकवताना पहिल्याच दिवशी जी, सी, डी दाखवायची आपल्याकडची रीत लहान मुलांना लावू नका. पूर्ण ‘सी’ धरायला तीन बोटं तीन वेगवेगळ्या घरांत एकाच वेळी टेकवावी लागतात, आणि तेही बाजूच्या तारेला धक्का न लावता. सात वर्षांच्या हाताला ते महिनोन्महिने जमत नाही. मग मूल ‘कॉर्ड अवघड आहे’ म्हणत नाही, ‘मला गिटार येत नाही’ म्हणतं. पहिले तीन महिने सूर आणि ठेका एवढंच धरा.

हो म्हणण्याआधी

वयाची सरसकट अट घालू नका. सहा-सात वर्षांपासून बहुतेक मुलं शिकू शकतात, पण एखादं पाच वर्षांचं मूल तयार असतं आणि एखादं नऊचंही नसतं. पहिल्या भेटीत फी न घेता वीस मिनिटं बसा आणि एवढं बघा:

- तुम्ही चार टाळ्यांचा सोपा ठेका दिला, तर मूल तो परत देतं का?
- डावं-उजवं कळतं का? दहापर्यंतचे आकडे ओळखता येतात का?
- दहा मिनिटं एका जागी बसतं का?
- गिटार शिकायची इच्छा कुणाची आहे, मुलाची की बाबांच्या राहून गेलेल्या हौसेची?

शेवटचा प्रश्न मुलालाच, आई-वडील पाण्याचा ग्लास आणायला उठले की विचारा.

मूल फारच लहान असेल तर युकुलेली सुचवा. चारच तारा, त्याही नायलॉनच्या, आणि एका बोटात ‘सी’ वाजतो. पुढे गिटारवर आलं तरी शिकलेलं वाया जात नाही, कारण बोटांच्या जागा गिटारच्या खालच्या चार तारांसारख्याच असतात, फक्त सूर वेगळे येतात.

गिटार केवढी, कोणती

शिकवणी बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण इथे असतं, आणि पालक बहुतेक वेळा तुम्हाला विचारण्याआधीच खरेदी करून मोकळे होतात. म्हणून पहिल्या फोनवरच सांगा, ‘गिटार अजून घेऊ नका.’

मुलांच्या गिटारी पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण अशा मापांत येतात. ढोबळ हिशेब असा:

- 5 ते 6 वर्षं: पाव, लांबी सुमारे 30 इंच
- 6 ते 8 वर्षं: अर्धी, सुमारे 34 इंच
- 8 ते 11 वर्षं: पाऊण, सुमारे 36 इंच
- 11-12च्या पुढे: पूर्ण, 39 ते 41 इंच

वयापेक्षा हात महत्त्वाचा. मुलाला बसवून गिटार मांडीवर द्या. डाव्या हाताची बोटं पहिल्या घरावर असताना कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे आणि गिटारवरून पुढे आलेला उजवा खांदा कानाकडे चढता कामा नये. कोपर ताठ झालं, तर गिटार मोठी आहे. ‘वाढत्या अंगाचं’ माप शाळेच्या गणवेशाला ठीक, गिटारला नाही.

ऑनलाइन स्वस्तात दिसणारी, बॅग-पट्टा-पिक-जादा तारांसह येणारी 38 इंची गिटार सर्रास घेतली जाते. ती धड पाऊण नाही, धड पूर्ण नाही. तारा पोलादी असतात आणि बऱ्याचदा त्या फळीपासून इतक्या उंच असतात, की मोठ्या माणसाचंही बोट दुखावं. ती आधीच घरात आली असेल तर उपाय आहेत. बाराव्या घरापाशी साधी पट्टी लावून तारेची उंची मोजा. पोलादी तारांच्या गिटारला ती अडीच मिलिमीटरच्या फार वर असेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडून कमी करून घ्या. शिवाय दुसऱ्या किंवा तिसऱ्या घरावर कॅपो लावा. घरं अरुंद होतात, तारा खाली येतात आणि लहान हाताला निम्मं काम सोपं होतं. बारीक गेजच्या तारा लावल्या, तर आणखी बरं.

नवीनच घ्यायची असेल तर नायलॉन तारांची क्लासिकल गिटार सांगा. बोटांना मऊ आणि मान रुंद, त्यामुळे शेजारच्या तारेला धक्का कमी लागतो. यामाहाची सीएस 40 हे पाऊण मापाचं आणि सी 40 हे पूर्ण मापाचं मॉडेल शिकाऊंमध्ये बरंच चालतं. पहिलीच्या तारेची वाजती लांबी 580 मिलिमीटर, दुसरीची 650. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण लहान तळव्याला तो पहिल्या घरावर लगेच जाणवतो.

एक धोका मात्र पालकांना कागदावर लिहून द्या. नायलॉनच्या गिटारवर पोलादी तारा लावू नका. ‘आवाज मोठा येतो’ म्हणून कोपऱ्यावरचा दुकानदार त्या चढवून देतो. पोलादी संचाचा ताण नायलॉनच्या जवळपास दुप्पट असतो. त्यानं ब्रिज उखडू शकतो किंवा मान वाकू शकते.

दुकानात गेलात तर पक्कं बिल घ्या. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला व पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

बसायचं कसं

बिनहाताची खुर्ची हवी. सोफा नको, पलंग तर नकोच. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. बाजारातल्या फुटरेस्टचं काम घरातला पाट उत्तम करतो. गिटारचा पुढचा भाग मुलाकडे कलला, की समजा ते बोटं बघायला धडपडतंय. दर वेळी ‘सरळ बस’ म्हणण्यापेक्षा न बघता वाजवायचा खेळ लावा.

मूल डावखुरं असेल तर? दोन्ही तऱ्हेनं शिकता येतं. नेहमीच्या उजव्या गिटारवर जमत असेल, तर पुढे वाद्य मिळणं सोपं जातं. पण मूल आपसूक उलटी गिटार धरत असेल आणि ठेका डाव्या हातानंच नीट पडत असेल, तर हट्ट धरू नका. डावखुरी गिटार घ्यायला सांगा, लहान मापात ती शोधावी लागेल याची कल्पना द्या.

पहिले तीन महिने

सहा ते आठ वयाला अर्धा तास, त्यापुढच्यांना पाऊण तास. बॅचमध्ये चारपेक्षा जास्त मुलं घेऊ नका, कारण सगळ्या गिटारी सुरात लावण्यातच वेळ संपतो. सुरात लावायचं काम सुरुवातीला तुमचं. मूल येण्याआधीच उरकलंत तर उत्तम. नव्या नायलॉन तारा काही दिवस ताणत राहतात आणि रोज उतरतात, हे पालकांना सांगून ठेवा. नाहीतर ‘गिटार खराब निघाली’ असा फोन येतो.

पहिल्या तासाला गोंधळ होतो तो आकड्यांचा. पहिली तार सगळ्यात बारीक असते, पण मांडीवर गिटार घेतल्यावर ती सगळ्यात खाली असते. बोटांमध्ये पहिलं बोट म्हणजे तर्जनी. कीबोर्ड शिकलेल्या मुलाचं पहिलं बोट अंगठा असतं, ते आठवडाभर गोंधळतं. वाद घालू नका, नखांवर चार रंगांच्या टिकल्या लावा.

आता खरा धडा. आपल्याकडच्या बहुतेक मुलांच्या कानावर सा रे ग म कुठून ना कुठून पडलेलं असतं, त्याचा उपयोग करा. पहिली तार उघडी छेडली की तो ‘सा’, पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी तीन. दुसऱ्या घरात रे, चौथ्यात ग, पाचव्यात म, सातव्यात प. पहिल्या महिन्याला हे पाचच सूर पुरेत. पुढे नवव्यात ध, अकराव्यात नी आणि बाराव्यात वरचा सा. ग आणि म यांच्यात घर रिकामं नाही, हे मुलाला सांगू नका. ते स्वतःच एक दिवस ‘इथे जागाच नाही!’ असं म्हणतं, आणि त्या क्षणी त्याला सप्तकाची रचना कळलेली असते.

बोट घराच्या मधोमध नाही, धातूच्या पट्टीला लागून अलीकडे टेकवायचं. मुलं हमखास दोन चुका करतात. पट्टीपासून लांब दाबतात, मग तार खरखरते, आणि खरखर जावी म्हणून अंगठ्यासकट जीव खाऊन दाबतात. यावर एक व्यायाम रामबाण आहे. बोट तारेवर नुसतं ठेवायला सांगा, छेडा, ‘टक’ असा मेलेला आवाज येईल. मग छेडत छेडत हळूहळू दाब वाढवायचा, आणि आवाज स्वच्छ झाला की तिथेच थांबायचं. ‘एवढंच? एवढंच दाबायचं?’ असं म्हणत मूल तुमच्याकडे बघतं. बोटं दुखण्याच्या निम्म्या तक्रारी या एका व्यायामानं जातात. उरलेल्या दुखण्याला तीन-चार आठवडे द्या. बोटांवर फोड दिसला किंवा मनगट दुखू लागलं, तर त्या दिवशी वाजवणं बंद.

उजव्या हातानं सुरुवातीला फक्त अंगठा. पिक दिली की ती गिटारच्या भोकात पडते, मग गिटार उलटी करून ती हलवून काढण्याचा कार्यक्रम चालतो आणि तो मुलांना गाण्यापेक्षा जास्त आवडतो. दुसऱ्या महिन्यात पातळ, अर्ध्या मिलिमीटरची पिक द्या.

ठेक्यासाठी मेट्रोनोम नंतर आणा. आरतीला टाळ्या वाजवणाऱ्या मुलाला केरव्याचा झोका अंगात असतो. आधी टाळी, मग मांडीवर थाप, मग उघड्या तारांवर तेच. तुम्ही चाल वाजवा आणि मुलाला नुसत्या उघड्या तारेवर सम धरू द्या. पहिल्याच दिवशी ‘मी सरांबरोबर वाजवलं’ असं घरी सांगता येतं.

चाली निवडताना एक सापळा सांभाळा. प्रत्येक घरातून वाढदिवसाच्या गाण्याची फर्माईश येते. ते सोपं वाटतं, पण सुरुवात समेआधी होते, ठेका तीनचा आहे आणि मध्ये पूर्ण सप्तकाची उडी आहे. ते चौथ्या महिन्यावर ढकला. चार-पाच सुरांत फिरणाऱ्या बालगीतांपासून सुरुवात करा, आणि मुलाला आधी चाल गाता येत नसेल तर ती वाजवायला देऊच नका.

मग कॉर्ड कधी?

बोटं एका तारेवर न बघता फिरू लागली, की. तेव्हाही सहा तारा वाजवायच्या नाहीत, खालच्या तीनच:

- काहीच न दाबता तिन्ही तारा: ई मायनर. हो, फुकटात मिळतो!
- दुसरी तार, पहिलं घर, एक बोट: सी
- पहिली तार, पहिलं घर, एक बोट: जी सेव्हन
- पहिली तार, तिसरं घर, एक बोट: जी

यातल्या सी आणि जी सेव्हन एवढ्यावरच कितीतरी बालगीतांची साथ होते. फेरी चार ठोक्यांची ठेवा आणि चौथ्या ठोक्याला हात उचलू द्या, बदलायला वेळ मिळतो. एफचा बॅरे दहा-अकरा वर्षांआधी काढूच नका. इंटरनेटवर आठ वर्षांची मुलं तो सहज धरताना दिसतात. ती शेकड्यातली एखादी असतात.

घरचा सराव

रोज दहा मिनिटं. रविवारी एक तास बसवून भरपाई होत नाही. गिटार बॅगेत घालून कपाटावर ठेवली की सराव संपला. हाताशी स्टँडवर राहू द्या. मात्र कोकणात, मुंबईत पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकवून नको, पोलादी तारा गंजतात. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसायची सवय लावा.

गृहपाठ वहीत एका ओळीत लिहा: ‘सा रे ग, पाच वेळा, न बघता.’ ‘सराव करून ये’ या वाक्याला मुलाच्या लेखी काही अर्थ नसतो. आई-वडिलांना गिटार येण्याची गरज नाही; त्यांनी समोर बसून ऐकावं आणि चुका काढू नयेत एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या. दुसरी अट पाळणं त्यांना जड जातं.

टॅब, स्टाफ आणि परीक्षा

सुरुवातीला सरगम आणि टॅब पुरे. परीक्षांचा प्रश्न साधारण सहाव्या महिन्यात येतो. परीक्षा घेणाऱ्या संस्थांपैकी एबीआरएसएमची गिटार परीक्षा क्लासिकल वळणाची आहे, तिथे स्टाफवर वाचावं लागतं. ट्रिनिटीच्या क्लासिकल आणि रॉक अँड पॉप अशा वेगवेगळ्या शाखा आहेत. रॉक अँड पॉप आणि रॉकस्कूलच्या पुस्तकांत टॅबही असतो. तुम्हाला स्वतःला स्टाफ वाचता येत नसेल, तर क्लासिकलच्या परीक्षेला मूल बसवू नका, दुसऱ्या शिक्षकाकडे पाठवा. गोव्यातल्या वाचकांना पणजीच्या कला अकादमीतल्या पाश्चात्त्य संगीत विभागाचा मार्ग आहे.

पहिलं वर्ष परीक्षेविना जाऊ द्या. आणि ‘ग्रेडमुळे दहावीला वाढीव गुण मिळतील’ असं आश्वासन चुकूनही देऊ नका. कोणत्या संस्थेची कोणती परीक्षा धरायची हे शासन ठरवतं. पालकांनी शाळेतून लेखी खात्री करून घ्यावी.

गणपतीतला कार्यक्रम

जूनमध्ये सुरू केलेल्या मुलाला गणपतीत सोसायटीच्या स्टेजवर चढवायची विनंती येणारच. एकट्याला नको. बॅच मिळून एक चाल ठेवा. पक्क्या मुलांना चाल, नवख्यांना उघड्या तारेवर सम. मांडवात शेवटच्या क्षणी सुरात लावता येत नाही, म्हणून गिटारच्या माथ्याला लावायचा क्लिप ट्यूनर सोबत ठेवा. तो आवाज न ऐकता कंपनांवर चालतो, ढोलाच्या गजरातही.

ऑनलाइन शिकवत असाल तर

परगावच्या, परदेशातल्या मराठी घरांतून अशी मागणी येते. दोघांनी एकत्र वाजवायचा नाद सोडा, आवाज उशिरा पोचतो. तुम्ही वाजवा, मग मूल वाजवेल. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, नाहीतर गिटारचा लांबणारा सूर गोंगाट समजून कापला जातो. सुरात लावायला त्या बाजूला एक मोठं माणूस लागतंच.

फी, पावती, सुट्ट्या

बोलायला संकोच वाटतो म्हणून न बोललेल्या गोष्टींवरूनच पुढे मन खट्टू होतं. एका पानावर लिहा आणि दोन्ही बाजूंनी सह्या करा:

- फी महिन्याची की तासाची; आगाऊ घेणार असाल तर एका महिन्याची. वर्षाची घेऊ नका.
- मूल आलं नाही तर तास बुडाला की भरून देणार. तुम्ही आला नाहीत तर मात्र भरून द्यायचाच.
- शाळेच्या परीक्षा, दिवाळी आणि मे महिन्यात काय करायचं.
- सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं आणि उरलेली फी कशी परत होणार.

फीची पावती द्या, साध्या पावतीपुस्तकावरची चालेल. पैसे घेऊन सेवा देताना पावती नाकारणं हीसुद्धा वर सांगितलेल्या कायद्यात अनुचित प्रथाच आहे. पालकांनीही लक्षात ठेवावं: क्लासने वर्षाची फी घेऊन चार महिन्यांत शिक्षक बदलला किंवा वर्ग बंद केला, तर आधी लेखी मागणी करावी आणि दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

फ्लॅटमध्ये वर्ग घेत असाल तर सोसायटीच्या कमिटीला आधीच पत्र द्या. अ‍ॅम्प्लिफायर नको. चार मुलं एकाच वेळी लिफ्टमधून येतात, यावरूनच अर्ध्या तक्रारी होतात.

दार उघडं ठेवा

इथे संकोच अजिबात नको. मूल एकटं असेल तर खोलीचं दार उघडं, घरात दुसरं मोठं माणूस हजर, आणि पालकांना कधीही येऊन बसायची मुभा. बोटं दुरुस्त करताना हाताला हात लावावा लागतो. आधी विचारा, शक्य तिथे स्वतःच्या गिटारवर दाखवा. मुलाला व्यक्तिगत मेसेज पाठवू नका, निरोप पालकांच्या फोनवर. व्हिडिओ टाकायचा असेल, तर पालकांची लेखी परवानगी घ्या.

मुलं शाळेत न सांगितलेलं गिटारच्या सरांना किंवा ताईला सांगतात. लैंगिक अत्याचाराचा संशय आला, तर पॉक्सो कायदा, 2012 नुसार पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, ‘घरचा मामला’ म्हणून गप्प बसता येत नाही. चाइल्ड हेल्पलाइन 1098.

‘मला नाही शिकायचं’

हे ऐकू आलं तर आधी गिटार तपासा, मूल नंतर. घरी ती बेसूर पडलीय का? हात वाढून माप लहान झालंय का? तारा गंजल्यात का? मग दोन आठवडे नवं काही न शिकवता जुन्याच चाली वाजवा. तरीही नकोच असेल तर पालकांना स्वतः सांगा, उरलेली फी परत करा आणि तबला, पेटी, कीबोर्ड असं दुसरं काही सुचवा. गिटार मात्र माळ्यावर टाकू देऊ नका. लहान मापाची गिटार चांगल्या अवस्थेत असेल तर लगेच विकली जाते. आधी तुमच्याच बॅचमध्ये विचारा, अर्धीतून पाऊण मापाकडे निघालेलं कुणीतरी असतंच.